पांखरांचें दप्तर

दप्तर हा शब्द आमच्या विद्यार्थिमित्रांच्या रोजच्या वापरांतला आहे. पाठीवर असतें तें दप्तर. परंतु त्यांच्या पणजोबांच्या वेळीं दप्तर म्हटलें कीं कुळकर्ण्याच्या घरचे रुमाल डोळ्यांपुढें येत. कापडांत घट्ट बांधलेल्या त्या कागदांत कोणाची जमीन किती, सारा किती, कोणत्या सालीं पीक बुडालें, हें सर्व लिहिलेलें असे. ईटहून जवळच असलेल्या खर्ड्यास ११ मार्च १७९५ रोजीं मराठ्यांची व निजामाची लढाई झाली. तिची हकीकत आज आपण तपशीलवार सांगूं शकतों ती त्या काळचीं पत्रें व कागद कोणी जपून ठेविले म्हणूनच. त्याच मार्च महिन्यांत खर्ड्याच्या माळावर कोणतीं पांखरें उतरलीं होतीं, हें सांगणारा कागद मात्र आमच्या पाहण्यांत नाहीं. फौजांच्या गर्दींत तिकडे कोणाचें लक्ष जाणार!

पण पांखरांचेंहि दप्तर असतें. तें आपल्या देशांत दोनशें वर्षांपासून लिहिलें जात आहे, आणि त्यांत आपल्या या बालाघाटच्या पठाराचीं पानें फार थोडीं आहेत. त्या दप्तराची ओळख विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून द्यावी, एवढ्याचसाठीं हा लेख लिहीत आहों.

आपल्या नित्य परिचयाच्या पक्ष्यापासूनच आरंभ करूं. रब्बीच्या ज्वारीचीं कणसें भरूं लागलीं, हुरड्याचे दिवस आले, कीं भोरड्यांचे थवे शेतांवर कोसळतात. पाठ व पोट गुलाबी, डोकें, पंख व शेपूट काळी, आणि थव्याचा आकार असा कीं क्षणांत ढग पसरावा व क्षणांत गुंडाळला जावा. माळ्यावर उभें राहून गोफण फिरविणाऱ्या मुलास या पक्ष्याविषयीं फारसें प्रेम नसतें, हें आम्ही जाणतों. कोणी त्यास पळसमैना म्हणतात, कारण पळस फुलला कीं ते थवे त्या फुलांवर जमतात. हा पक्षी आपल्याकडे अंडीं घालीत नाहीं. त्याचें घर मध्य आशियांत, कझाकस्तान व आसपासच्या विस्तीर्ण गवताळ मैदानांत आहे. तेथें मे-जूनमध्यें दगडांच्या राशींत हजारोंच्या संख्येनें तो घरटीं करितो व पिलांस टोळ आणि नाकतोडे चारितो. पिलें उडूं लागलीं कीं लगेच दक्षिणेची वाट धरितो. पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून तो आपल्या देशांत येऊं लागतो आणि एप्रिल सरतां सरतां निघून जातो. म्हणजे वर्षाचे निम्म्याहून अधिक दिवस तो आपलाच शेजारी असतो. परंतु गांवांतील कोणासहि विचारा, ‘गेल्या वर्षीं भोरड्यांचा पहिला थवा कोणत्या दिवशीं आला?’ उत्तर येईल, ‘नेहमींप्रमाणेंच आला.’

या ‘नेहमींप्रमाणेंच’ शब्दानें दप्तर भरत नाहीं. पक्ष्याची नोंद व्हावयाची तर पांच गोष्टी लागतात: पक्षी कोणता, स्थळ कोणतें, दिवस कोणता, संख्या किती, आणि पाहणारा कोण. ‘तळ्यावर पुष्कळ बदकें होतीं’ हें वाक्य निबंधांत शोभेल, नोंदवहींत तें निरुपयोगी होय. उलट एखाद्या दिवसाची पांच शब्दांची नीरस ओळ शंभर वर्षांनीं मोलाची ठरते. पक्षी आपल्या येण्याचा नेमलेला समय ओळखतात, असा करकोचा, होला इत्यादिकांविषयींचा उल्लेख पवित्र शास्त्रांत यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथांत आहे. तो समय पक्ष्यांस ठाऊक असतो. माणसास तो लिहून ठेवावा लागतो.

अशा ओळींचें काय होतें, याचें एक उदाहरण इंग्लंडांतील आहे. नॉरफोक परगण्यांतील रॉबर्ट मार्शम या गृहस्थानें १७३६ पासून वसंत ऋतूच्या खुणा टिपण्यास आरंभ केला. पहिलें फूल कधीं उमललें, कोणत्या झाडास पालवी कधीं फुटली, पहिली पाकोळी कधीं दिसली, एवढेंच तो लिही. त्याच्या मागून त्याच्या वंशजांनीं तें काम १९५८ पर्यंत चालविलें. उन्हाळे-हिवाळे बदलले कीं झाडें व पक्षी आपलें वेळापत्रक कसें बदलतात, याचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांस या घरगुती वह्यांवांचून एवढा जुना पुरावा क्वचितच मिळतो. अमेरिकेंत वेल्स कूक या शिक्षकानें १८८१ मध्यें पक्ष्यांच्या आगमनाच्या तारखा गोळा करावयास प्रारंभ केला. तें काम पुढें सरकारनें हातीं घेतलें व १९७० पर्यंत चाललें. हातांनीं लिहिलेलीं सुमारें साठ लाख कार्डें जमलीं आणि मग कपाटांत पडून राहिलीं. २००९ पासून त्यांचीं छायाचित्रें घेऊन हजारों स्वयंसेवक घरबसल्या तीं वाचून पुनः लिहूं लागले. जुनें वळणदार अक्षर वाचतां येणें ही विद्या अजून उपयोगाची आहे, हें सुलेखनाचा कंटाळा करणाऱ्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत घ्यावें.

आतां आपल्या मुलखाकडे वळूं. दख्खनच्या पक्ष्यांची पहिली व्यवस्थित यादी कर्नल विल्यम साइक्स यांनीं १८३२ मध्यें प्रसिद्ध केली. मुंबई सरकारनें त्यांस दख्खनची सांख्यिकी माहिती जमविण्याच्या कामावर नेमिलें होतें. माणसें, शेतें व पिकें यांची गणती करीत फिरतां फिरतां त्यांनीं पक्षीहि टिपले. त्यांतले पन्नासांहून अधिक पक्षी शास्त्राला तोंवर अपरिचित होते. पुढें थॉमस जर्डन या लष्करी डॉक्टरांनीं आपल्या नोकरीचा कांहीं काळ जालन्याच्या छावणींत घालविला. त्यांचा ‘बर्ड्स ऑफ इंडिया’ हा ग्रंथ १८६२ ते १८६४ या वर्षांत बाहेर आला.

आमच्यासारख्या शाळेच्या वार्षिकांत ज्यांचें नांव अवश्य यावें असे एक गृहस्थ म्हणजे रेव्हरंड सॅम्युएल फेअरबँक. हे अमेरिकन मराठी मिशनचे पाद्री. नगर व वडाळा या बाजूस त्यांनीं आयुष्याचीं बहुतेक वर्षें काढिलीं. खेड्याखेड्यांतून प्रवास करणें हें त्यांचें कामच होतें. त्या प्रवासांत त्यांनीं वनस्पति व पक्षी यांकडे डोळे उघडे ठेविले. खंडाळा, महाबळेश्वर, बेळगांव आणि नगर या ठिकाणच्या पक्ष्यांची त्यांची यादी १८७६ मध्यें छापली गेली. दक्षिणेंतील पळणीच्या डोंगरांत त्यांना मिळालेल्या एका गाणाऱ्या पक्ष्यास ब्लॅनफर्ड या शास्त्रज्ञांनीं १८६९ मध्यें ‘फेअरबँकी’ असें नांव दिलें आणि तें अद्याप चालू आहे. नगर जिल्ह्याची शीव ईटहून दूर नाहीं. पाद्रीसाहेबांच्या यादींतील कित्येक पक्षी आपल्याहि बांधावर बसत असतील; परंतु यादींत नांव नगरचें आलें, आपलें नाहीं. कारण उघड आहे. लिहिणारा तेथें राहत होता.

फेअरबँक यांची यादी ज्या नियतकालिकांत छापली, त्याचें नांव ‘स्ट्रे फेदर्स’, म्हणजे विखुरलेलीं पिसें. त्याचे संपादक ॲलन ह्यूम. राष्ट्रीय सभेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, १८८५ मधील स्थापनेच्या संबंधांत हें नांव विद्यार्थी इतिहासाच्या पुस्तकांत वाचतातच. पण हेच ह्यूम त्या काळीं हिंदुस्थानांतील पक्षिविद्येचे धनी होते, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. देशाच्या कानाकोपऱ्यांतून कलेक्टर, डॉक्टर, पाद्री, वनाधिकारी त्यांस नमुने व टिपणें पाठवीत. सिमल्यास आपल्या बंगल्यांत त्यांनीं पक्ष्यांचें संग्रहालय उभारिलें होतें. पंचवीस वर्षांच्या नोंदींवरून हिंदुस्थानच्या सर्व पक्ष्यांवर एक महाग्रंथ लिहावयाचा, हा त्यांचा संकल्प होता. एका हिवाळ्यांत ते सिमल्याबाहेर असतां त्यांच्या एका नोकरानें संग्रहालय फोडून आंतील हस्तलिखितें पळविलीं आणि बाजारांत रद्दीच्या भावानें विकलीं. थोडेथोडके नव्हे, कित्येक मण कागद! त्यांत वाण्यांनीं काय काय बांधून दिलें असेल तें देव जाणे. ह्यूम यांचें मन त्या कामावरून उडालें. महाग्रंथ झालाच नाहीं. १८८५ मध्यें त्यांनीं आपला संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकिला. त्यांतून पाऊण लाखांहून अधिक नमुने तेथें पोंचले. मेलेले पक्षी राहिले आणि जिवंत पक्ष्यांविषयींचे शब्द गेले, असा हा प्रकार झाला. जें ‘स्ट्रे फेदर्स’मध्यें छापून गेलें होतें तेवढें मात्र वांचलें; छापलेल्या प्रती एका घरांत नव्हत्या.

एका माणसाच्या घरावर दप्तर विसंबून असूं नये, संस्था असावी, हा विचार त्या सुमारास मुंबईंतहि मूळ धरीत होता. १५ सप्टेंबर १८८३ रोजीं आठ गृहस्थांनीं मिळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्या आठांत दोघे आपले होते: प्रार्थनासमाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. १८८६ पासून सोसायटीचें नियतकालिक निघूं लागलें. त्याच्या प्रत्येक अंकाच्या शेवटीं किरकोळ टिपणांचा विभाग असे. अमक्या तळ्यावर अमुक बदक या तारखेस दिसलें, अमक्या गांवीं टोळधाड आली, अशा चार-दहा ओळी कोणीहि पाठवाव्या आणि त्या छापून याव्या. आमच्या मतें त्या नियतकालिकाचा खरा प्राण मोठमोठ्या लेखांत नसून या किरकोळ टिपणांतच आहे. आज त्याचे जुने अंक संगणकावर कोणासहि वाचतां येतात.

दप्तरांत चांगल्या माणसांनींच लिहिलें पाहिजे असेंहि नाहीं. माळढोकाचें उदाहरण घ्या. उंची मनुष्याच्या कमरेच्या वर, वजन दहा-पंधरा किलोंपर्यंत, असा हा भारदस्त पक्षी आपल्या दख्खनच्या उघड्या माळरानांचा जुना रहिवासी. रॉबर्ट मॅन्सफील्ड नांवाच्या एका इंग्रज शिकाऱ्यानें १८०९ ते १८२९ या काळांत नगरच्या आसपास ९६१ माळढोक मारिले. महिन्याला सरासरी चार! ही संख्या कळते ती शिकारीचा हिशेब लिहून राहिला म्हणून. त्या हिशेबाचा हेतु फुशारकीचा असेल. पण दोनशें वर्षांपूर्वीं आपल्या माळांवर हा पक्षी किती विपुल होता, याचा त्याहून बळकट पुरावा दुसरा नाहीं. सोलापूरजवळ नान्नज येथें १९७९ मध्यें माळढोकासाठीं अभयारण्य झालें, तरी ओहोटी थांबली नाहीं. आज साऱ्या देशांत हा पक्षी सुमारें दीडशें उरला आहे, तोहि बहुतेक राजस्थानांत. आपल्या गांवच्या वृद्धांनीं लहानपणीं माळावर माळढोक पाहिला असेल, तर ती आठवण त्यांच्याबरोबर जाण्यापूर्वीं कागदावर यावयास हवी. कोणत्या माळावर, साधारण कोणत्या सालीं, एकटा कीं जोडीनें, इतकें विचारलें तरी पुरे.

आणि आतां दप्तरांतील एका खोट्या नोंदीची गोष्ट. ही गोष्टहि महाराष्ट्रांतलीच आहे. वनपिंगळा हा लहानसा घुबडवर्गीय पक्षी. ह्यूम यांनीं १८७३ मध्यें त्याचें वर्णन केलें. जेम्स डेव्हिडसन नांवाचे एक मुलकी अधिकारी खानदेशांत होते. दख्खनच्या पक्ष्यांवर वेंडन यांच्या सहकार्यानें त्यांनीं १८७८ मध्यें लिहिलेला लेख आजहि सोलापूरकडील माहितीसाठीं पाहतात. त्यांनीं खानदेशांत कांहीं वनपिंगळे मिळविले. १८८४ नंतर हा पक्षी दिसेनासा झाला. जगांतील सर्व संग्रहालयें धुंडाळलीं तरी त्याचे सातच नमुने. त्यांतील एकावर चिठ्ठी होती कीं, कर्नल मायनर्टझॅगन यांनीं हा १९१४ मध्यें गुजरातेंत मांडवी येथें मिळविला. कर्नलसाहेब मोठे नांवाजलेले. त्यांच्या चिठ्ठीवर कोण शंका घेणार? लोक त्या चिठ्ठीवर विश्वासून शोध करीत आणि हात हालवीत परत येत.

पुढें पामेला रासमुसेन या विदुषींनीं लंडन येथील नमुन्यांची बारकाईनें तपासणी केली. त्या पक्ष्याचें कातडें उसवून पुनः भरलेलें होतें. तथापि कातडें तयार करण्याची डेव्हिडसन यांची विशिष्ट रीत त्यांत ओळखूं आली. तो नमुना डेव्हिडसन यांचाच. कर्नलसाहेबांनीं तो संग्रहालयांतून चोरून त्यावर आपली चिठ्ठी लाविली होती! १९१४ ची खोटी ओळ खोडल्यावर जुन्या खऱ्या नोंदी तेवढ्या उरल्या, आणि त्यांच्याच आधारानें शोध करणारी मंडळी नोव्हेंबर १९९७ मध्यें खानदेशांत शहाद्याजवळ आली. तेथें निष्पर्ण झाडावर, दिवसाढवळ्या, वनपिंगळा बसलेला होता. ११३ वर्षांनीं! पुढें मेळघाटांतहि तो सांपडला. एका प्रामाणिक अधिकाऱ्यानें चिठ्ठीवर खरें स्थळ लिहिलें त्याचा उपयोग शतकानंतर झाला, आणि एका प्रतिष्ठित माणसाच्या खोट्या ओळीनें कित्येक वर्षें शोधकांची वाट चुकविली. कोरी जागा वाचणाऱ्यास फसवीत नाहीं, खोटी ओळ फसविते.

पक्षी कोठून येतो हें कळण्याची दुसरी रीत म्हणजे त्याच्या पायांत कडें घालणें. हीहि एका शाळामास्तराचीच युक्ति. डेन्मार्कमधील व्हिबोर्गचे मॉर्टेन्सन यांनीं १८९९ मध्यें आपल्या भोरडीच्या जातभाईंच्या, म्हणजे साळुंकीवर्गीय स्टार्लिंग पक्ष्यांच्या, पायांत ॲल्युमिनियमचीं क्रमांकित कडीं अडकविलीं. आपल्याकडे धारच्या महाराजांनीं १९२६ मध्यें बदकांस कडीं घालविलीं; पुढें सोसायटीनें तें काम मोठ्या प्रमाणावर चालविलें. एखाद्या मेलेल्या पक्ष्याच्या पायांत कडें आढळलें तर तें पोराबाळांच्या खेळण्यांत जाऊं न देतां त्यावरील अक्षरें व आंकडे जशाचे तसे लिहून सोसायटीकडे मुंबईस कळवावे.

येथें कोणी विचारील, पुणें, नगर, सोलापूर, खानदेश यांविषयीं एवढें लिहिलें गेलें, मग आपल्याविषयीं कां नाहीं? आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. इंग्रजी मुलखांतील साहेब जेथें फिरले तेथें त्यांच्या याद्या झाल्या. संस्थानाचा बराच भाग कोराच राहिला. ती उणीव भरून काढण्यासाठीं डॉ. सालिम अली यांनीं १९३१-३२ मध्यें हैदराबाद संस्थानाच्या पक्ष्यांची पाहणी केली व तिचा वृत्तांत सोसायटीच्या नियतकालिकांत १९३३-३४ मध्यें क्रमशः छापला. काम मोठें झालें. परंतु एवढ्या विस्तीर्ण संस्थानांत एक पाहणी किती गांवांपर्यंत पोंचणार? आणि ती एका हंगामाची. दरवर्षीं त्याच जागीं राहून पाहणाराच येण्याजाण्याच्या तारखा देऊं शकतो.

हल्लीं हें काम सोपें झालें आहे. २००७ मध्यें ‘मायग्रंटवॉच’ नांवाचा उपक्रम निघाला. कोणता पाहुणा पक्षी आपल्या गांवीं प्रथम कधीं दिसला, एवढेंच लोकांनीं कळवावयाचें. चातकाच्या आगमनाचा पाठलाग त्यांतून विशेष झाला. आतां लोक ‘ई-बर्ड’वर खिशांतल्या फोनवरूनच याद्या पाठवितात. २०२३ मध्यें भारतांतील पक्ष्यांच्या स्थितीवर जो अहवाल निघाला, तो सुमारें तीस हजार पक्षिनिरीक्षकांच्या तीन कोटींहून अधिक नोंदींवर उभा होता व त्यांत ९४२ जातींचा विचार होता. पण निरीक्षकांची दाटी शहरांभोंवतीं. ज्वारीच्या शेतांत रोज उभा राहणारा मुलगा त्यांत क्वचितच असतो, आणि भोरड्यांविषयीं खरें सांगणारा तर तोच.

म्हणून पालकांस आमची विनंति आहे कीं, मुलांस एक साधी शंभर पानी वही द्यावी. तींत सर्व पक्षी लिहावयाचे नाहींत, चार पुरेत. भोरड्यांचा पहिला व शेवटचा थवा. मृगाच्या पुढेंमागें चातकाचा पहिला शब्द. पावसाळा संपल्यावर पाणवठ्याशीं शेपूट हालवीत येणारा पांढरा धोबी. आणि हिवाळ्यांत आकाशांतून रांग धरून जाणारे कांड्या करकोचे, दिसले तर. दिसले नाहींत तर तेंहि लिहावें: ‘आज तळ्यावर गेलों, करकोचा नाहीं.’ ही शून्याची नोंद मुलांस लिहावीशी वाटत नाहीं, परंतु पुढें वाचणाऱ्यास ती फार लागते. संख्या मोजतां आली नाहीं तर ‘अंदाजें’ हा शब्द घालावा. पक्षी ओळखूं आला नाहीं तर रंग, चोंच व आवाज लिहून नांवाची जागा मोकळी ठेवावी. आजोबांनीं सांगितलेलें वहीच्या मागच्या बाजूस, ‘ऐकीव’ असें लिहून वेगळें टिपावें. स्वतः पाहिलेल्यांत तें मिसळूं नये. चुकलें तर एक आडवी रेघ मारावी, खाडाखोड करून मूळ अक्षर बुजवूं नये. कुळकर्ण्याच्या दप्तरांतहि हाच शिरस्ता होता.

वर्षअखेर त्या वहीची दुसरी प्रत उतरून काढावी. एक शाळेच्या कपाटांत ठेवावी व दुसरी घरीं, कोरड्या जागीं, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून. आणि दिवाळीच्या साफसफाईंत रद्दीवाला दाराशीं आला म्हणजे ती वही कोठें आहे हें आधीं पाहून घ्यावें.